एका खोलीतला पीसी, दुसऱ्या खोलीतला गेम: सनशाइन आणि मूनलाइट नीट बसवण्याची सविस्तर वाट

दणकट ग्राफिक्स कार्डाचा पीसी एका खोलीत टेबलाला खिळलेला असतो आणि आपल्याला खेळायचं असतं भलत्याच ठिकाणी: पलंगावर पडून जुन्या लॅपटॉपवर, नाहीतर दुसऱ्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीवर. त्यासाठी पीसी उचलून न्यावा लागत नाही. गेम त्याच पीसीवर चालतो, त्याचं चित्र आणि आवाज नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे जातो, आणि तिथे दाबलेली बटणं उलट वाटेनं पीसीकडे येतात. लॅपटॉपला गेम पेलायचा नसतो, आलेला व्हिडिओ उलगडून दाखवायचा असतो. म्हणून ज्याच्यावर आजचा एकही मोठा गेम सुरूसुद्धा होणार नाही असा लॅपटॉप या कामाला मस्त चालतो.

मी हे रोज वापरतो, सनशाइन आणि मूनलाइट या दोन फुकट सॉफ्टवेअरच्या जोडीनं. बसवायला अर्धा तास पुरतो. लोक जिथे कंटाळून सोडून देतात ती जागा त्यानंतरची: "चालतंय, पण अडखळतंय". बिटरेट (सेकंदाला किती डेटा पाठवायचा तो आकडा) वर-खाली करून बघायचा, रिझोल्यूशन उतरवायचं, दोन दिवस झगडून नाद सोडायचा. खरं तर अडखळणं नेमकं कुठून येतंय ते पडद्यावरच आकड्यांत लिहून येतं. ते वाचता आलं की अंदाजपंचे बदल करावे लागत नाहीत. म्हणून या लेखात मांडणी भरभर उरकतो आणि तार, वाय-फाय व आकडे यांवर जास्त वेळ घालवतो.

गेम चालवणाऱ्या यंत्राला होस्ट आणि ज्यावर आपण बघतो-खेळतो त्याला क्लायंट म्हणतो. सगळ्या सेटिंग्जमध्ये हेच शब्द भेटतील.

एका फ्रेमचा प्रवास

आधी थोडं गणित, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे आहेत. १९२० गुणिले १०८० पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला २४ बिट आणि सेकंदाला ६० फ्रेम असं धरलं तर न दाबलेलं चित्र सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट होतं. गिगाबिट तारेतूनही ते मावत नाही. म्हणून होस्ट प्रत्येक फ्रेम व्हिडिओच्या रूपात दाबून पाठवतो आणि तेच चित्र साधारण २० एमबीपीएसमध्ये बसवतो, म्हणजे दीडशेव्या हिश्शात.

हे दाबण्याचं काम मुख्य प्रोसेसरवर टाकलं तर गेमच रखडेल. त्यासाठी ग्राफिक्स चिपमध्ये एन्कोडरचा वेगळा तुकडा असतो. इंटेलचं क्विक सिंक २०११ पासून, एनव्हिडियाचं एनव्हीएनसी २०१२ पासून आहे, आणि एएमडीच्या कार्डांतही तसाच वेगळा एन्कोडर असतो. म्हणजे गेल्या दशकभरातलं जवळपास कुठलंही गेमिंग कार्ड होस्ट म्हणून चालेल.

६० फ्रेमच्या वेगाला एका फ्रेमच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात, १२० ला ८.३. गेमनं फ्रेम रंगवली की ती उचलायची, दाबायची, पाकिटांत, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांत, तोडून पाठवायची, पलीकडे जोडायची, उलगडायची आणि पडद्यावर टाकायची. सिनेमा बघताना प्लेअर पुढचे काही सेकंद आधीच साठवून ठेवतो, त्यामुळे नेटवर्क मध्येच दमलं तरी आपल्याला कळत नाही. गेममध्ये पुढची फ्रेम आपण कुठलं बटण दाबतो त्यावर ठरते, म्हणून साठवायला काही नसतंच. एक पाकीट ५० मिलिसेकंद उशिरा आलं तर सलग तीन फ्रेम चुकतात आणि डोळ्याला तो झटका लागतो. "माझं इंटरनेट ३०० एमबीपीएसचं आहे, तरी लॅग का?" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एकाच घरातल्या दोन यंत्रांमध्ये इंटरनेटचा वेग मोजलाच जात नाही, आणि राउटरपर्यंतची वाट रुंद असली तरी तिच्यात एकसारखेपणा नसेल तर उपयोग नाही.

सॉफ्टवेअर कोणतं

पीसीवरचा गेम असा दुसरीकडे पाठवणारी एनव्हिडियाची गेमस्ट्रीम नावाची सोय होती, पण क्लायंट म्हणून एनव्हिडियाचीच यंत्रं लागायची. २०१३ मध्ये काही अमेरिकन विद्यार्थ्यांनी एका हॅकेथॉनमध्ये तिच्याशी बोलणारं मोकळं ॲप लिहिलं, लाइमलाइट. त्याचंच पुढे मूनलाइट झालं. २०२३ च्या सुरुवातीला एनव्हिडियानं गेमस्ट्रीम बंद केली. तोवर सनशाइन हे मुक्त सॉफ्टवेअर होस्टची तीच भूमिका पेलायला लागलं होतं, आणि तेही एनव्हिडिया, एएमडी, इंटेल अशा कुठल्याही कार्डावर. होस्टवर सनशाइन, क्लायंटवर मूनलाइट ही जोडी आज मी कुणालाही बिनदिक्कत सुचवतो. दोन्ही फुकट आहेत, जाहिराती नाहीत, आणि आकडे उघडपणे दाखवतात.

तुमचे सगळे गेम स्टीमवरच असतील आणि डोकं न खाजवता दहा मिनिटांत सुरू करायचं असेल, तर स्टीमचं रिमोट प्ले आहे. २०१४ मध्ये ते घरातल्या स्ट्रीमिंगसाठी म्हणून आलं. दोन्ही यंत्रांवर एकाच खात्यानं स्टीम उघडा, सेटिंग्जमध्ये रिमोट प्ले चालू करा, की क्लायंटवर गेमच्या पानावर 'स्ट्रीम' असं बटण येतं. फोन आणि टीव्हीसाठी स्टीम लिंक ॲप आहे. त्याची उणीव अशी की होस्टवर विंडोजनं परवानगीची चौकट समोर आणली की पलीकडे हात बांधले जातात. सर्व्हिस म्हणून चालणारं सनशाइन तीही चौकट दाखवतं. यापुढचं सगळं सनशाइन-मूनलाइटबद्दल आहे, पण तार आणि वाय-फायचा भाग दोन्हींना सारखाच लागू.

आधी तार ओढा

सॉफ्टवेअर उतरवायच्या आधी होस्टपासून राउटरपर्यंत नेटवर्कची तार जोडा. या लेखातलं एकच काहीतरी करणार असाल तर हे करा.

कारण असं. वाय-फायवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीचे थांबतात. होस्ट आणि क्लायंट दोन्ही वाय-फायवर असले तर प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं: होस्टकडून राउटरकडे, मग राउटरकडून क्लायंटकडे. तीच हवा, दुप्पट गर्दी. होस्ट तारेवर आणला की एक फेरा संपतो, आणि क्लायंट वाय-फायवर असला तरी बहुतेकांची अर्ध्याहून जास्त तक्रार तिथेच मिटते.

कॅट ५ई दर्जाची साधी तार १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते. जोडल्यावर विंडोजमध्ये ॲडॅप्टरचं स्टेटस उघडून वेग बघा: १ जीबीपीएस दिसायला हवा. १०० एमबीपीएस दिसला तर बहुधा तारेच्या आठ धाग्यांपैकी चारच नीट लागलेत, किंवा मधलं एखादं पोर्ट जुनं आहे. २० एमबीपीएसच्या प्रवाहाला १०० पुरतात, पण धागा सैल असेल तर पाकिटंही गळतात, म्हणून तार बदलूनच पुढे जा. भिंतीतून तार नेणं शक्य नसेल आणि घरात केबल टीव्हीची कोॲक्सियल वायर आधीच असेल, तर तिच्यातूनच नेटवर्क नेणारे मोका ॲडॅप्टर उत्तम काम देतात. विजेच्या वायरीतून नेटवर्क नेणारे ॲडॅप्टर घरच्या वायरिंगवर अवलंबून असतात. परत करण्याची सोय असेल तरच घ्यावेत असं माझं मत.

क्लायंट वाय-फायवरच ठेवायचा असेल तर ५ गिगाहर्ट्झ पट्टा वापरा, आणि राउटर नवा असेल तर ६. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि आजूबाजूचे सगळे राउटर त्यांतच कोंबलेले असतात. शिवाय ब्लूटूथही त्याच पट्ट्यात बोलतं, म्हणजे बिनतारी कंट्रोलर आणि स्ट्रीम एकमेकांच्या वाटेत येतात. ५ गिगाहर्ट्झ भिंतींतून कमी शिरतं, तेव्हा राउटर आणि क्लायंटमध्ये एखादीच भिंत असावी.

दोन अडथळे इथेच सांगून टाकतो, कारण त्यांच्यापायी लोक तासन्‌तास घालवतात. एक म्हणजे पाहुण्यांसाठीचं गेस्ट नेटवर्क: त्यावरची यंत्रं मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली असतात, तिथून होस्ट दिसणारच नाही. दुसरा, घरात एकामागे एक दोन राउटर. इंटरनेटवाल्यानं दिलेला एक आणि आपण आणलेला दुसरा, दोन्ही आपापलं नेटवर्क चालवत असले, तर पहिल्यावरचा पीसी आणि दुसऱ्यावरचा लॅपटॉप वेगवेगळ्या वाड्यांत राहतात. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका.

होस्टवर सनशाइन

इथून सरळ पायऱ्या आहेत. उदाहरण विंडोजचं घेतो.

१. सनशाइन गिटहबवरच्या लिझर्डबाइटच्या, म्हणजे ते बनवणाऱ्या गटाच्या, पानावरूनच उतरवा. शोधयंत्रात वर येणाऱ्या इतर 'डाउनलोड' साइटींच्या नादी लागू नका. हे सॉफ्टवेअर तुमचा पडदा आणि कीबोर्ड दुसऱ्याच्या हाती देतं, त्याची खोटी प्रत फार महागात पडेल.

२. इन्स्टॉल करताना कंट्रोलरसाठी लागणारा आभासी गेमपॅडचा ड्रायव्हर, व्हिजेमबस, विचारला तर तोही घ्या. तो नसेल तर चित्र येईल, माउस चालेल, पण कंट्रोलर मुका राहील.

३. घड्याळाशेजारच्या सनशाइनच्या चिन्हावर राइट-क्लिक करून 'ओपन सनशाइन' निवडा. ब्राउझरमध्ये पान उघडेल, पोर्ट ४७९९०. ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल घाबरवणारा इशारा देईल. हे पान तुमच्याच पीसीवरून येतंय आणि प्रमाणपत्र त्यानंच स्वतःसाठी बनवलंय, म्हणून तो इशारा येतो. इथे पुढे जायला हरकत नाही.

४. पहिल्याच वेळी नाव आणि पासवर्ड ठरवायला सांगतं. चांगला पासवर्ड ठेवा आणि लिहून ठेवा.

५. विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये हे नेटवर्क 'प्रायव्हेट' आहे ना ते बघा. 'पब्लिक' असेल तर फायरवॉल होस्टला लपवून ठेवू शकतो.

६. राउटरमध्ये होस्टला कायमचा एकच आयपी पत्ता बांधून द्या. डीएचसीपी रिझर्वेशन या नावाखाली ही सोय मिळते. पुढे पत्ता बदलून जोडणी तुटल्याची भानगड राहत नाही.

सनशाइनच्या 'ॲप्लिकेशन्स' पानावर डेस्कटॉप आणि स्टीमचा मोठ्या पडद्याचा मोड आधीच असतात. सुरुवातीला एवढं पुरे. एकेका गेमचा शॉर्टकट नंतर सावकाश घाला.

लिनक्सवरही सनशाइन छान चालतं. वेलँडवर (लिनक्सची पडदा रंगवण्याची नवी पद्धत) पडदा उचलण्यासाठी जास्तीची परवानगी द्यावी लागते आणि तिची कृती त्याच्या दस्तऐवजात आहे. मॅक होस्ट म्हणून वापरायच्या फंदात गेमसाठी तरी पडू नका, तिथे कंट्रोलरची बाजू कच्ची आहे. क्लायंट म्हणून मात्र मॅक झकास.

क्लायंटवर मूनलाइट

मूनलाइट विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन-आयपॅड, ॲपल टीव्ही, रास्पबेरी पाय अशा सगळ्यांवर मिळतं. उघडल्यावर होस्टचं नाव आपोआप दिसायला हवं. नाही दिसलं तर अधिकच्या चिन्हावर टिचकी मारून होस्टचा आयपी पत्ता हातानं टाका. होस्टवर क्लिक केलं की चार आकडी पिन येतो. तो सनशाइनच्या वेबपानावर 'पिन' विभागात लिहायचा. हे एकदाच करावं लागतं.

आता डेस्कटॉप उघडून बघा. चित्र आलं, माउस हलला, आवाज आला की जोडणी झाली. बाहेर पडायला कीबोर्डवर कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि क्यू एकत्र दाबा. कंट्रोलरवरून स्टार्ट, सिलेक्ट आणि वरची दोन्ही खांद्याची बटणं एकत्र. ही दोन लक्षात ठेवा, नाहीतर पहिल्या दिवशी पूर्ण पडदाभर पसरलेल्या डेस्कटॉपमधून बाहेर कसं पडायचं तेच कळत नाही. माउस डेस्कटॉपवर विचित्र ओढल्यासारखा वाटला तर त्याच तीन कळांसोबत एम दाबून बघा; गेमसाठीची आणि डेस्कटॉपसाठीची माउसची पद्धत त्यानं बदलते.

सेटिंग्जमध्ये पहिल्यांदा १०८०पी आणि ६० फ्रेम ठेवा. बिटरेट मूनलाइट आपणहून २० एमबीपीएस धरतं, तोही राहू द्या. ४के आणि ६० फ्रेम निवडलं की तो ८० पर्यंत जातो. आधी साध्या आकड्यावर सगळं लोण्यासारखं चालू दे, मग वर चढा. उलट दिशेनं गेलात तर बिघाड कुठे आहे ते कधीच कळणार नाही.

व्हिडिओ कोडेक, म्हणजे चित्र दाबण्या-उलगडण्याची पद्धत, 'ऑटोमॅटिक' ठेवला तरी चालतो, पण मागचं समजून घ्या. एच.२६४ सर्वांत जुना आणि जवळपास सगळीकडे चालणारा. एचईव्हीसी तितक्याच बिटरेटला जास्त स्वच्छ चित्र देतो. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये २०१५ च्या सहाव्या पिढीपासून तो हार्डवेअरमध्ये उलगडतो. एव्ही१ आणखी चांगला, पण होस्टला तो दाबता यायला हवा. एनव्हिडियाच्या बाबतीत आरटीएक्स ४० मालिकेपासून, एएमडीच्या आरएक्स ७००० पासून, आणि इंटेलच्या आर्क कार्डांवर. क्लायंटचं हार्डवेअर उलगडू शकत नाही असा कोडेक लादला तर ते काम प्रोसेसरवर येतं, लॅपटॉप तापतो आणि फ्रेम सुटतात. जुन्या लॅपटॉपला साधा एच.२६४ आणि थोडा जास्त बिटरेट हेच खरं औषध.

एक छोटी गोष्ट डोळ्यांत खुपते म्हणून सांगतो. काळ्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरं स्ट्रीममध्ये कडेला विटल्यासारखी, फिसकटल्यासारखी दिसतात, बिटरेट कितीही वाढवा. दाबताना उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवतात, रंगाची मात्र चार पिक्सेलना मिळून एकच. गेमच्या हलत्या चित्रात ते कळत नाही, अक्षरांत कळतं. मूनलाइटच्या नव्या आवृत्तीत रंगाचीही माहिती प्रत्येक पिक्सेलची ठेवणारा ४:४:४ हा पर्याय आहे; दोन्हीकडचं हार्डवेअर झेपवत असेल तर तो लावल्यावर अक्षरं स्वच्छ होतात.

आकडे वाचायला शिका

खेळ सुरू असताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट आणि एस दाबा. कोपऱ्यात इंग्रजी मजकुराचा एक छोटा ठोकळा उघडतो. त्यातले चार आकडे मी बघतो.

पहिला, होस्टचा प्रोसेसिंग वेळ. फ्रेम उचलून दाबायला होस्टला किती लागले. सरासरी ५-६ मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर उत्तम. हा मध्येच २०-३० वर उडी घेत असेल तर दोष नेटवर्कचा नाही. गेमनं ग्राफिक्स कार्ड शंभर टक्के व्यापलेलं असतं, आणि फ्रेम उचलायला त्याच कार्डाची थोडी उसंत लागते, ती मिळत नाही. उपाय सोपा: गेममध्ये किंवा कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फ्रेमची मर्यादा स्ट्रीमइतकीच, म्हणजे ६० ला, घाला. होस्टवर १४० फ्रेम रंगवून त्यांतल्या ६० पाठवण्यात काहीच हशील नाही. मर्यादा घालूनही कार्ड नव्वदीच्या वर असेल तर सावल्या आणि प्रतिबिंबं एक पायरी खाली आणा.

दुसरा, नेटवर्कमुळे सुटलेल्या फ्रेमची टक्केवारी. शून्यच हवी. सनशाइन मुळात जास्तीची पाकिटं पाठवतं, मूळ सेटिंगमध्ये २० टक्के, म्हणजे एखादं गळालं तरी उरलेल्यांतून फ्रेम पुन्हा उभी करता येते. एवढी उशी असूनही फ्रेम सुटत असतील तर गळती चांगलीच मोठी आहे. बिटरेट अर्ध्यावर आणून बघा. आकडा शून्यावर आला तर वाट अरुंद आहे. तरीही सुटतच राहिल्या तर वाट मध्येच तुटतेय: तार, पोर्ट किंवा वाय-फायचा चॅनेल तपासा.

तिसरा, नेटवर्कचा सरासरी विलंब आणि त्याच्याच शेजारी त्यातली चढ-उतार. तारेवर विलंब एखाद-दुसरा मिलिसेकंद असतो, चांगल्या वाय-फायवर ३ ते ५. माझी नजर चढ-उताराच्या आकड्यावर असते. विलंब ८ आणि चढ-उतार १ असेल तर गेम छान वाटतो. विलंब ४ आणि चढ-उतार १५ असेल तर डोकं उठतं.

चौथा, क्लायंटचा डीकोडिंगचा, म्हणजे आलेली फ्रेम उलगडण्याचा, वेळ. पाचाच्या खाली असेल तर विसरून जा. १२-१५ वर असेल तर लॅपटॉप धापा टाकतोय. चार्जर लावा, बॅटरी बचतीचा मोड काढा, सेटिंग्जमध्ये हार्डवेअर डीकोडिंग निवडलंय ना ते बघा, आणि मग कोडेक बदला.

चारही आकडे चांगले असूनही हात आणि पडदा यांत अंतर जाणवत असेल तर टीव्हीकडे वळा. टीव्ही चित्र 'सुंदर' करण्यासाठी फ्रेम अडवून ठेवतात, आणि तो वेळ मूनलाइटला दिसतच नाही. टीव्हीचा गेम मोड चालू करा. टीव्हीवर खेळणाऱ्यांसाठी सबंध साखळीतला सर्वांत मोठा फरक कित्येकदा या एका बटणानं पडतो.

दर काही सेकंदांनी येणारा तो झटका

आकडे वाचून उलगडा होत नाही असा एक दोष मला आठवडाभर पुरला, म्हणून तो जवळून दाखवतो. होस्ट तारेवर, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर, राउटर त्याच खोलीत. सगळं गुळगुळीत, आणि मध्येच एक झटका. परत गुळगुळीत. परत झटका. सरासरीचे आकडे निर्दोष, कारण एक झटका हजारो फ्रेममध्ये विरघळून जातो.

शेवटी लॅपटॉपवर कमांडची खिडकी उघडली आणि राउटरलाच सतत पिंग लावून ठेवला (पिंग म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर किती मिलिसेकंदांत येतं ते मोजणं). ओळी सरकत गेल्या: २, ३, २, २, ३, २, आणि अचानक १८४, ९६, मग पुन्हा २, ३, २. घड्याळ लावून बघितलं तर दोन उसळ्यांमधलं अंतर दर वेळी जवळपास सारखंच. शेजाऱ्याच्या वाय-फायची गर्दी अशी घड्याळ बघून येत नाही. लॅपटॉप स्वतःच ठरावीक वेळानं आपला चॅनेल सोडून आजूबाजूची नेटवर्कं धुंडाळून येत होता, कारण मागे चालू असलेलं एक ॲप त्याला सारखं ठिकाण विचारत होतं आणि लॅपटॉप ठिकाण ओळखतो ते वाय-फायवरून. लोकेशन बंद केलं आणि उसळ्या थांबल्या.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला: झटके आले की आधी राउटरला पाच मिनिटं पिंग. नियमित अंतरानं उसळी येत असेल तर क्लायंटच्याच मागच्या कामांत शोधा. मॅकवर एअरड्रॉपसाठीचा वाय-फायचा जोडधंदा असाच प्रताप करतो, तिथे एअरड्रॉप बंद करून फरक पडतो का बघा. उसळी अनियमित असेल तर चॅनेल बदला. घरात कुणी मोठी फाइल चढवायला घेतली की उसळी येत असेल तर राउटरमध्ये रांगा साचतायत. त्याच्या सेटिंग्जमध्ये एसक्यूएम (या रांगा आटोक्यात ठेवणारी सोय) असेल तर चालू करा.

उरलेल्या सोयी

कंट्रोलर क्लायंटलाच जोडा, आणि निदान तपासणी चालू असेपर्यंत तारेनं. आवाजासाठी मूनलाइटमध्ये होस्टचे स्पीकर बंद ठेवायचा पर्याय आहे. तो लावला नाही तर रात्री रिकाम्या खोलीत गोळीबार चालू राहतो आणि घरचे उठतात.

होस्टचा मॉनिटर बंद असला की विंडोजला पडदाच नाही असं वाटू शकतं, आणि मग काळं चित्र येतं. त्यासाठी एचडीएमआय डमी प्लग मिळतो, अंगठ्याएवढा. कार्डाला खोचला की पीसीला मॉनिटर जोडल्याचा भास होतो. आभासी डिस्प्लेचा ड्रायव्हरही हेच काम करतो. अपोलो नावाची सनशाइनचीच एक शाखा आहे, तिच्यात तो सोबतच येतो आणि क्लायंटच्या पडद्याच्या मापाचा डिस्प्ले आपोआप तयार करतो. आणखी एक: होस्टवर विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपनं शिरून बाहेर पडलात तर पीसी लॉक होऊन बसतो, आणि मग स्ट्रीम नीट उचलता येत नाही. दोन्हींची सरमिसळ टाळा.

होस्ट दिवसभर चालू ठेवायची गरज नाही. मूनलाइटमध्ये झोपलेल्या पीसीवर 'वेक' म्हणता येतं. क्लायंट नेटवर्कवर एक छोटं पाकीट सोडतो, त्यात होस्टच्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळखक्रमांक, ॲपलच्या मॅकशी संबंध नाही) सोळा वेळा लिहिलेला असतो; कार्ड तो ओळखून पीसीला उठवतं. त्यासाठी बायोसमध्ये वेक ऑन लॅन चालू करा, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाला पीसी उठवायची परवानगी द्या, आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. होस्ट तारेवर असणं इथेही कामी येतं. वाय-फायवरून उठवणं क्वचितच भरवशाचं.

घराबाहेरून खेळायचं असेल तर

राउटरमध्ये पोर्ट उघडून देण्याचा मार्ग सगळीकडे सांगितलेला सापडेल. मी तो सांगत नाही, आणि ४७९९० हे व्यवस्थापनाचं पोर्ट तर कोणत्याही परिस्थितीत बाहेर उघडू नका. त्यामागे तुमचा अख्खा पीसी आहे. त्याऐवजी दोन्ही यंत्रांवर टेलस्केल बसवा. ते वायरगार्ड या व्हीपीएन पद्धतीवर आधारलेलं खासगी नेटवर्क आहे. दोन्हीकडे एकाच खात्यानं आत गेलात की प्रत्येक यंत्राला एक खासगी पत्ता मिळतो. होस्टचा तो पत्ता मूनलाइटमध्ये हातानं टाकायचा. इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवत असेल, तिथे पोर्ट उघडणं मुळात चालतच नाही. टेलस्केल बहुतेक वेळा तिथूनही वाट काढतं.

बाहेरून खेळताना घरच्या इंटरनेटचा अपलोडचा वेग मोजायचा, डाउनलोडचा नव्हे. अपलोड ३० एमबीपीएस असेल तर बिटरेट १५ च्या वर नेऊ नका. बाकी जागा घरच्या इतरांना लागते. अंतराचा विलंब कुठल्याही सेटिंगनं कमी होत नाही. विलंब ३० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक गेम मजेत खेळता येतात, पन्नाशीपुढे नेमबाजी आणि मारामारीचे गेम सोडून डावपेचांचे, कोड्यांचे, गोष्टीचे गेम काढावेत. आणि घर सोडण्याआधी एकदा फोनच्या डेटावरून जोडून बघा: पीसी झोपवा, बाहेरून उठतो का ते तपासा. टेलस्केलमधून ते उठवणारं पाकीट थेट झोपलेल्या पीसीपर्यंत पोहोचत नाही, कारण पीसी झोपला की त्याच्यावरचं टेलस्केलही झोपतं. घरात कायम चालू असलेलं एखादं छोटं यंत्र, रास्पबेरी पाय किंवा वेक ऑन लॅनची सोय असलेला राउटर, तिथून पीसीला हाक मारायची सोय आधीच करून ठेवा.